बगदाद, हिजरी 377

वर्ष इसवी 987. तुमच्या पंचांगात शके 909, आणि ज्या शहरी तुम्ही निघालात तिथे हिजरी 377 नुकतंच लागलेलं. तुम्ही चौलचे. अरब खलाशी तुमच्या बंदराला सैमूर म्हणतात, ठाण्याला ताना, सोपाऱ्याला सुबारा. बगदादमध्ये जन्मलेला अल-मसूदी 916 मध्ये चौलला येऊन गेला. तेव्हा तिथे शिलाहार झंझाचा अंमल होता, आणि मसूदीच्या म्हणण्याप्रमाणे गावात सुमारे 10,000 मुसलमान राहत होते: कुणी सिराफचे, कुणी ओमानचे, कुणी बसरा-बगदादचे आणि पुष्कळसे तिथेच जन्मलेले. वर संजाणचा कारभार राष्ट्रकूटांनी मधुमती सुगतिप नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, माणसाकडे सोपवला होता. चिंचणीच्या 926 च्या ताम्रपटात त्याचं नाव कोरलेलं आहे. अरबी बोलणं तुमच्या कानांवर लहानपणापासून आहे. आता ती भाषा जिथे सर्वांत जास्त लिहिली जाते, ते शहर पाहायला तुम्ही चालला आहात.

थंडीत ईशान्येचा वारा धरून गलबत निघालं. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, लोखंडी खिळा एकही नाही. तळाशी सागाच्या तुळया रचलेल्या, कारण आखाताच्या उघड्याबोडक्या किनाऱ्यावर घर बांधायचं तर लाकूड समुद्रापलीकडूनच न्यावं लागतं. सिराफ जवळ आलं तसे खलाशी गप्प झाले. दहा वर्षांपूर्वी इथली जमीन सात दिवस हादरत होती. जिथे व्यापाऱ्यांच्या माड्या होत्या तिथे आता ढिगारे आहेत, आणि उरलेला व्यापार हळूहळू दुसऱ्या बंदरांकडे सरकतो आहे.

बसऱ्याला माल उतरला. तिथून नदीची होडी. दोन्ही तीरांना बोरूची बेटं, पाणथळ, खारजमीन. या जमिनीकडे नीट बघा. पूर्व आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांकडून इथला मिठाचा थर खरवडून घेतला जायचा. 869 मध्ये त्यांनी बंड केलं आणि ते मोडायला खलिफाच्या फौजांना 14 वर्षं लागली. बगदादच्या वैभवाची किंमत कुणी मोजली हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याने शहरात शिरण्याआधी या खाजणापाशी थांबलं पाहिजे.

वासित मागे पडतं. उन्हाळा चढू लागलेला आहे. डोंगरातलं बर्फ वितळून आलेलं पाणी नदीत अजून तांबूस आहे. आणि मग एका सकाळी होडीवाला हात वर करून दाखवतो: ते बघा, मदीनत अस्-सलाम, बगदाद.

नावांचा पूल

आधी वास येतो तो डांबराचा. टोपलीसारख्या गोल होड्या, बाहेरून डांबर फासलेल्या, एका काठावरून दुसऱ्या काठाला गिरक्या घेत जाताहेत. मोसुलकडून फुगवलेल्या मशकांवर बांधलेले तराफे येताहेत. नदीवर पूल आहे तो नावांचा: एकीला एक साखळीने जखडलेल्या होड्या आणि त्यांच्यावर टाकलेल्या फळ्या. पाणी चढलं की पूलही चढतो. माणसं, गाढवं, हमाल, घोडेस्वार, सगळे त्याच्यावरून एकमेकांना ढकलत पार होतात.

खलिफा अल-मन्सूरने 762 मध्ये पश्चिम काठावर जे वर्तुळाकार शहर वसवलं, ते शोधू नका. चार वेशींची नावं लोकांच्या तोंडी आहेत, पण तटाच्या विटा लोकांनी घरं बांधायला नेल्या. मधोमध असलेला राजवाड्याचा हिरवा घुमट 941 मधल्या एका वादळी रात्री कोसळला. आताचा खलिफा अत्-ताई पूर्व काठावरच्या वाड्यात असतो. मशिदीत प्रवचन त्याच्या नावाने होतं, हुकूम मात्र चालतो तो दैलमच्या डोंगरातून आलेल्या बुवैही घराण्याचा. त्यातल्या शरफ अद्-दौलाने याच वर्षाच्या सुरुवातीला आपल्या भावाकडून हे शहर घेतलं आहे. शिया वस्तीचा कर्ख भाग आणि शेजारचे सुन्नी मोहल्ले यांच्यात अधूनमधून दंगली उसळतात, बाजार जळतात. भूगोलकार अल-मुकद्दसीने दोनच वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे की हे शहर दिवसेंदिवस ढासळतं आहे.

त्याचं म्हणणं खरंच आहे. पण आज तुम्ही ज्या गल्लीत जाणार आहात, तिला राजवाड्याच्या पडझडीने फारसा धक्का लागलेला नाही.

वर्राकांची गल्ली

बसरा वेशीच्या बाहेर, दक्षिणेकडे वळलं की सूक अल-वर्राकीन लागतो. शंभर वर्षांपूर्वी अल-याकूबीने इथे पुस्तकांची शंभराहून जास्त दुकानं असल्याची नोंद केली होती. वर्राक म्हणजे कागद विकणारा, पुस्तक नकलून देणारा, बांधणी करणारा आणि विकणारा, सगळं एकाच माणसात. दुकान तुमच्या चौलच्या पेढीएवढंच: पुढे ओटा, ओट्यावर गालिचा, मागे भिंतीला लागून आडवी ठेवलेली पुस्तकं. ग्रंथाचं नाव पानांच्या खालच्या कडेवर शाईने लिहिलेलं, म्हणजे चळतीतून ओळखता यावं.

हातात एक ताव घ्या. तुमच्याकडे भूर्जपत्र आणि ताडपत्र असतं. हा माल वेगळा आहे. जवसाच्या नि भांगेच्या तंतूंच्या जुन्या चिंध्या भिजवून, कुटून त्यांचा लगदा करतात, चाळणीच्या साच्यावर पसरतात, वाळवतात. मग गव्हाची खळ देतात आणि काचेने किंवा गुळगुळीत दगडाने घोटतात. उजेडात तिरका धरलात तर घोटणाऱ्याच्या हाताची दिशा दिसते. वर्राक तुमच्यासमोर जाती मांडतो: सुलेमानी, तल्ही, नूही, फिरऔनी, जाफरी, ताहिरी. यातली बरीच नावं खुरासानच्या अधिकाऱ्यांची आहेत, कारण समरकंदच्या बाजूने ही कला इकडे आली. बगदादमध्ये कागद बनायला लागून दोनशे वर्षं होत आली. त्याआधी कातडं होतं, महाग आणि मोजकं. खलिफा अल-अमीनच्या काळात कचेऱ्या लुटल्या गेल्या, तेव्हा तर लुटीतली लिहिलेली कातडी धुऊन, खरवडून लोकांनी वर्षानुवर्षं त्यांवरच लिहिलं.

शेजारी एक नकलनवीस बोरू छाटतो आहे. पहिला काप लांब आणि तिरका, आतला भुसा निघेपर्यंत. मग टोकाला मधोमध एक बारीक चीर, शाई धरून ठेवायला. मग बोरू हस्तिदंती पट्टीवर आडवा धरून चाकूचा एकच घाव. 'टक्' असा आवाज आला की टोक साधलं. शाई दोन प्रकारची. एक काजळाची, दुसरी मायफळ, हिराकस आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक यांची. दुसरी लावताना फिकी दिसते आणि वाळता वाळता काळी होत जाते. अक्षराची उंची, रुंदी, बाक हे सगळं बोरूने उमटलेल्या चौकोनी ठिपक्यांत मोजायचं, ही रीत इब्न मुक्लाने घालून दिली. तो तीन वेळा वजीर झाला, राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला आणि 940 मध्ये कैदेत त्याचा शेवट झाला. या गल्लीत त्याच्या वजिरीची आठवण क्वचित निघते, त्याच्या ठिपक्यांशिवाय मात्र कुणाचं पान पुढे सरकत नाही.

आता लिहिलेल्या पानाकडे बघा. मजकुराचा एक तुकडा संपला की नकलनवीस एक छोटं वर्तुळ काढतो. काही वर्तुळं रिकामी आहेत, काहींच्या पोटात एक ठिपका आहे. रिकामं वर्तुळ म्हणजे मजकूर उतरवून झाला. मग मूळ प्रत समोर ठेवून, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बोट फिरवत ताडून पाहायचं, याला मुकाबला म्हणतात. ताडून झालं की वर्तुळात ठिपका. हदीस शिकवणाऱ्यांनी ही शिस्त लावली आणि ठिपका नसलेल्या मजकुरावर भरवसा ठेवायचा नाही असं शिष्यांना बजावलं. शेवटच्या पानावर कुणी, कुणासमोर, कधी वाचलं याची नोंद असते. गुरूने ऐकून मान्य केलं असेल तर तसा इजाझा, म्हणजे पुढे शिकवण्याची परवानगी.

दरबारी झगमगाटापेक्षा मला या ठिपक्याचं मोल जास्त वाटतं. नकलताना माणूस चुकतो हे या लोकांनी गृहीत धरलं आणि ती चूक पकडायची सोय पानाच्या पोटातच करून ठेवली.

कोण लिहितं, कोणासाठी

याच गल्लीत काही वर्षांपूर्वी याह्या इब्न अदी बसत असे. धर्माने ख्रिस्ती, सिरियाक परंपरेतला, बगदादच्या तर्कशास्त्रज्ञांचा म्होरक्या. पोटासाठी तो नकला करत असे. एकदा ओळखीच्या वर्राकाने त्याला एवढं खपतोस कशाला म्हणून टोकलं. त्यावर त्याने सांगितलं की तबरीच्या कुराणभाष्याच्या दोन संपूर्ण प्रती त्याने स्वतःच्या हाताने उतरवल्या आहेत आणि दिवसरात्र मिळून शंभर पानं लिहिण्याची शिस्त तो स्वतःला लावून घेतो. कुराणावरचं ते भाष्य खंडामागून खंड भरेल एवढं मोठं, आणि ते उतरवणारा ख्रिस्ती. 974 मध्ये तो गेला. त्याचा शिष्य ईसा इब्न झुरआ आज शहरात आहे. तोही ख्रिस्ती, तोही अनुवादक आणि शिवाय व्यापारी.

इथे सगळे समान होते असं मात्र समजू नका. ख्रिस्ती, ज्यू यांना जिझिया भरावा लागतो, कायद्याच्या नजरेत त्यांची जागा मुसलमानाच्या खाली आहे. पण ग्रंथाच्या कामात त्यांच्यावाचून पान हलत नाही, आणि हे दोन्ही बाजू जाणतात. गॅलेन, ॲरिस्टॉटल, युक्लिड अरबीत आले ते बहुतेक ख्रिस्ती अनुवादकांच्या आणि हर्रानच्या नक्षत्रपूजक साबी विद्वानांच्या हातून. त्यांना पैसे देणारे खलिफा होते, तसेच मूसाचे तीन मुलगे यांच्यासारखे गणिती श्रीमंतही होते. ते अनुवादकांवर महिन्याला 500 दिनार खर्च करत असं इथे सांगतात.

पुढे लोक म्हणतील, बैत अल-हिक्मा नावाची एक इमारत होती, तिथे हे सगळं घडलं. खलिफाचं ग्रंथालय होतं हे खरं. पण गॅलेनचा सर्वांत मोठा अनुवादक हुनैन इब्न इसहाक याने आपल्या कामाची जी तपशीलवार हकीकत लिहून ठेवली, तिच्यात त्या इमारतीचं नावही येत नाही. त्यात येतात ती माणसं: हा ग्रंथ अमक्या वैद्यासाठी केला, तो तमक्याच्या मुलासाठी. त्यात कामाची रीतही येते. विशीत एका सदोष ग्रीक पोथीवरून केलेला अनुवाद त्याने चाळिशीच्या सुमाराला पुन्हा हाती घेतला. तोवर त्याच्याकडे अनेक ग्रीक पोथ्या जमल्या होत्या. त्या ताडून त्याने आधी एक शुद्ध ग्रीक पाठ तयार केला आणि मग अनुवाद दुरुस्त केला. गॅलेनच्या एका ग्रंथासाठी तो इराक, शाम (सीरिया), पॅलेस्टाइन पालथं घालत अलेक्झांड्रियापर्यंत गेला. हाती लागला तो निम्माच, तोही दमास्कसला.

तुमच्या बाजूचं देणंही इथे नोंदलेलं आहे. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये रचलेल्या सिद्धांताच्या परंपरेतला ग्रंथ अल-मन्सूरच्या दरबारात 770 च्या दशकाच्या सुरुवातीला पोहोचला. अल-फझारीने त्यावरून 'सिंदहिंद' रचला. हारून अर्-रशीदच्या काळात याह्या बरमकी या वजिराने मंका नावाच्या हिंदी वैद्याकडून सुश्रुतसंहिता समजावून घेतली आणि तिचा उपयोग इस्पितळात होऊ लागला. बरमकींच्या इस्पितळाचा प्रमुख इब्न दहन हाही हिंदी होता.

दुपार

भूक लागली असेल. कर्खच्या नाक्यावर हरीसावाल्याचं पातेलं रात्रभर चुलीवर होतं: गहू आणि मांस, लाकडी डावाने घोटून घोटून एकजीव केलेलं, वरून तूप आणि दालचिनी. हैदराबादेत ज्याला पुढे हलीम म्हणतील, त्याचं हे मूळ घराणं. श्रीमंतांकडे सिकबाज असतं, सिरक्यात शिजवलेलं मांस, आणि नंतर लौझीनज, बदाम-साखरेचं सारण भरलेल्या पातळ पोळ्या गुलाबपाण्यात मुरवलेल्या. याच शतकातल्या इब्न सय्यारने खलिफांच्या आणि सरदारांच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांचा मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं आडनाव काय? अल-वर्राक.

दुपारी बाजार सुस्तावतो. ऐपतदारांच्या घरात जाडंभरडं कापड छताला टांगून ओलं ठेवतात आणि दोरीने हलवतात. खोली गार होते. बाकीचे मशिदीच्या सावलीला जातात. तिथे धडा चालू आहे. शेख खांबाला टेकून सांगतो, पुढे बसलेला मुस्तम्ली ते मोठ्याने मागच्या रांगांपर्यंत पोहोचवतो, आणि मांडीवर कागद घेतलेली माणसं उतरवत जातात.

या शहरात हे फक्त पुरुषांचं काम आहे असं वाटेल, म्हणून एक नाव ऐकून ठेवा: सुतैता, काझी अल-महामिलींची मुलगी. वारसाहक्काचं गणित ही इथली सर्वांत किचकट विद्या. मयताची बायको, आई, दोन मुली, सावत्र भाऊ असले तर कुणाचा हिस्सा किती, हे अपूर्णांकांत काढायचं असतं. त्यात सुतैतांचा शब्द मानला जातो. त्या हदीस शिकवतात आणि फतवेही देतात. याच हिजरी वर्षात त्यांचं निधन होणार आहे.

नदीच्या वळणावर

ऊन उतरल्यावर नदीकाठाने वर चला. जिथे हारूनचा खुल्द महाल होता, तिथे आता अदुदी बीमारिस्तान आहे. बुवैही अदुद अद्-दौलाने बांधलेलं हे इस्पितळ सुरू होऊन पाच-सहा वर्षं झालीत. सुरुवातीला इथे 24 वैद्य नेमले: कुणी डोळ्यांचे, कुणी शस्त्रक्रियेचे, कुणी हाडं बसवणारे. औषधांचं कोठार वेगळं. खर्च वक्फच्या उत्पन्नातून चालतो, म्हणजे देणगी दिलेल्या जमिनी नि दुकानांच्या भाड्यातून.

दारातून आत येणारा प्रत्येक वैद्य तपासलेला असावा, ही अपेक्षाही या शहराने मांडली आहे. 931 मध्ये एका वैद्याच्या चुकीने रोगी दगावला. खलिफाने हुकूम काढला की सिनान इब्न साबित या साबी वैद्याने परीक्षा घेतल्याशिवाय कुणी धंदा करायचा नाही. नामवंत वगळूनही 860 च्या वर माणसं परीक्षेला आली. त्याच सिनानला वजीर अली इब्न ईसाने तुरुंगात रोज वैद्य पाठवायला सांगितलं, आणि ज्या खेड्यांत वैद्य नाही तिथे फिरतं पथक. बिगरमुसलमानांना उपचार द्यायचे का, असं सिनानने विचारलं. द्यायचे, पण आधी मुसलमान मग ते, असं उत्तर आलं. त्या काळाची करुणा आणि त्या काळाची मर्यादा, दोन्ही त्या एका उत्तरात आहेत.

अबुल फरजच्या दुकानात

सूर्य कलला. आता ज्याच्यासाठी इतकं आलात तो माणूस. अबुल फरज मुहम्मद इब्न इसहाक, वर्राकाचा मुलगा आणि स्वतः वर्राक. पुढे जग त्याला अन-नदीम म्हणून ओळखेल. याह्या इब्न अदीला टोकणारा ओळखीचा तो हाच. त्याच्यासमोर अर्धा झालेला ग्रंथ आहे: 'अल-फिहरिस्त', म्हणजे यादी. अरबीत जेवढी पुस्तकं लिहिली वा अनुवादली गेली, तेवढ्या सगळ्यांची, त्यांच्या कर्त्यांसह. दहा भाग: लिप्या आणि धर्मग्रंथ, व्याकरण, इतिहास, काव्य, धर्मतत्त्व, कायदा, तत्त्वज्ञान आणि विज्ञान, कथा आणि जादू, इतर धर्म, किमया. तो स्वतः शिया; पण ज्यांच्याशी त्याचे मतभेद आहेत त्यांचीही पुस्तकं त्याने मांडली आहेत. मानी या धर्मसंस्थापकाच्या अनुयायांवर या शहराने खटले चालवले. त्यांची श्रद्धा काय होती, हे पुढच्या जगाला कळण्याचं एक मोठं साधन त्याची ही पानं ठरणार आहेत.

तो धंद्याचा माणूस आहे, त्यामुळे कवीच्या नावापुढे पानांची संख्याही देतो. शिवाय पान म्हणजे कोणतं हेही सांगून ठेवतो: सुलेमानी कागदाचं, एका बाजूला 20 ओळींचं. म्हणजे गिऱ्हाईकाला कुणी अपुरी प्रत पुरी म्हणून विकू नये.

तुम्ही हिंदचे हे कळताच तो सरसावून बसतो. "या, बसा. सैमूरचे?" आणि प्रश्नांमागून प्रश्न. त्याची ही सवयच आहे. याच वर्षी नजरानचा एक ख्रिस्ती साधू चीनहून परतला. अबुल फरज दार अर्-रूम या ख्रिस्ती वस्तीत, चर्चच्या मागे त्याला गाठून चीनची माहिती विचारून आला. हिंदच्या धर्मांविषयी त्याच्याकडे एक जुनी वही आहे. याह्या बरमकीने औषधी आणायला आणि धर्मांची माहिती काढायला हिंदला माणूस पाठवला होता, त्याच्या वृत्तांताची ही नक्कल. ती तत्त्ववेत्ता अल-किंदीच्या हस्ताक्षरातली, हिजरी 249 ची तारीख असलेली. अबुल फरज तारीख आणि हस्ताक्षर दोन्ही नोंदवतो, म्हणजे माहिती किती जुनी आणि कुणामार्फत आली हे वाचणाऱ्याला कळावं.

तो वाचून दाखवतो: बल्हराच्या राजधानीत, मंकीरला, एक फरसंग लांबीचं देवालय आहे आणि त्यात 20,000 मूर्ती आहेत. बल्हरा म्हणजे राष्ट्रकूट राजा, मंकीर म्हणजे मान्यखेट. तुम्हाला ठाऊक आहे की फरसंगभर, म्हणजे काही किलोमीटर लांबीचं, देवालय तिथे नव्हतं. तुम्हाला हेही ठाऊक आहे की 972 मध्ये माळव्याच्या सीयक परमाराने मान्यखेट लुटलं आणि वर्षभरात राष्ट्रकूटांची सत्ता संपली. त्याच्या वहीत ते कुठेच नाही. ही वही कोकणच्या माणसासमोर कधी मुकाबल्याला बसलीच नाही.

त्याच्या पानांवर मात्र मोकळ्या जागा आहेत. ग्रंथकाराचं नाव, मग 'निधन', आणि पुढे कोरं. जे कळलं नाही ते त्याने अंदाजाने भरलेलं नाही. मागून येणाऱ्याने भरावं म्हणून जागा राखली आहे.

मागून आलेले

रात्री गच्चीवर झोपा. उन्हाळ्यात सगळं शहर गच्चीवरच झोपतं. पुढच्या वर्षी शरफ अद्-दौलाच्या वाड्याच्या बागेत अल-कूही वेधशाळा उभारील. तिथे 988 च्या जूनमध्ये दक्षिणायनाचा आणि सप्टेंबरमध्ये शरदसंपाताचा वेध घेतला जाईल, आणि वेध बरोबर असल्याच्या कागदावर अबुल वफासारख्या जाणकारांच्या साक्षी होतील. आकाशाच्या मोजणीलाही साक्षीदार लागतात, अशी इथली पद्धत.

हिशेबाचंही तेच. धूळपाटीवर अंक मांडायचे, पुसायचे, पुन्हा मांडायचे, ही तुमच्याकडची रीत. अल-ख्वारिझ्मीने त्या अंकांवर ग्रंथ लिहिला. 952 च्या सुमाराला दमास्कसमध्ये अल-उक्लीदिसीने तेच गणित धूळ टाकून देऊन कागदावर, शाईने करायचा मार्ग दिला आणि त्याच ग्रंथात दशांश अपूर्णांक वापरले. पाटीवर पुसलं गेलेलं पुन्हा तपासता येत नाही. कागदावर प्रत्येक पायरी शिल्लक राहते.

मग 1258 येईल. हुलागूच्या मंगोल फौजा शहर लुटतील, खलिफाला मारतील. अबुल फरजने नोंदलेल्या हजारो पुस्तकांपैकी फार थोडी आपल्यापर्यंत पोहोचली. बाकीची होती एवढंच आपल्याला कळतं, तेही त्याच्या यादीमुळे.

पण हिंदची कोरी जागा त्याआधीच भरायला घेतली गेली होती. महमूद गझनवीच्या फौजा उत्तर भारतात देवळं लुटत होत्या त्याच काळात, त्याच महमूदच्या दरबारी अडकलेला ख्वारिझ्मचा अल-बीरूनी संस्कृत शिकला, पंडितांसमोर बसला आणि 1030 च्या सुमाराला त्याने हिंदवर आपला ग्रंथ पुरा केला. ऐकीव गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता, आणि आधीच्यांनी हिंदविषयी जे लिहिलं ते बरंचसं एकमेकांचं उचललेलं आहे, असं त्याने सुरुवातीलाच बजावलं. त्याच्या ग्रंथात मऱ्हट्टदेश आहे, कोकण आहे आणि समुद्रकाठी त्याची राजधानी ताना आहे, अंतरांसह.

इस्लामी जगाच्या सुवर्णयुगाची चर्चा आपल्याकडे दोन टोकांना होते: एकजण घुमट आणि खलिफा दाखवतो, दुसरा तलवार आणि गुलामांचा बाजार. दोन्ही गोष्टी होत्या; तुम्ही खाजणही पाहिलं आणि इस्पितळही. मला या दोन्हींच्या पलीकडे वर्राकांची गल्ली महत्त्वाची वाटते. तिथे ख्रिस्ती माणूस कुराणभाष्य उतरवतो, साबी माणूस वैद्यांची परीक्षा घेतो, शिया दुकानदार विरोधकांची पुस्तकं चोख नोंदवतो, आणि कुणाचंच लिहिलेलं ताडून पाहिल्याशिवाय मान्य होत नाही. राजांनी पैसा दिला म्हणून हे सुरू झालं असेल. टिकलं मात्र ते एकमेकांचं लिखाण तपासणाऱ्या, आणि आपल्याला जे ठाऊक नाही तिथे जागा मोकळी ठेवणाऱ्या माणसांमुळे. त्यांच्या इतिहासाविषयी आपण जे लिहू-बोलू, त्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे.